डाव्या सीटवरून फ्रान्स

इंग्लंडहून स्वतःची गाडी घेऊन फ्रान्सला जातो म्हटलं, की लोक नवऱ्याला विचारतात, "उजव्या बाजूनं चालवायला भीती नाही वाटत?" मला कुणी काही विचारत नाही. खरं तर मलाच विचारायला हवं. गाडी इंग्लंडची, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. रस्ता फ्रान्सचा, म्हणजे वाहतूकही उजवीकडून. अशा गाडीत रस्त्याचा मध्य, समोरून येणारा ट्रक, टोलनाक्याची खिडकी हे सगळं डाव्या सीटच्या अंगाला येतं आणि त्या सीटवर मी असते. ड्रायव्हरच्या वाट्याला येते ती रस्त्याकडेची झुडपं.

आम्ही रेडिंगला राहतो. या खेपेला साताऱ्याहून आलेले सासू-सासरेही बरोबर होते. त्यांचे पासपोर्ट भारतीय. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा त्यांनी मुंबईहूनच काढून आणला होता. कागदपत्रांचा प्रश्न तिथेच मिटला. खरा प्रश्न आला तो तुपाचा.

ब्रेक्झिटची प्रक्रिया २०२० च्या अखेरीस पूर्ण झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला सोबत नेता येईनासे झाले. पहिल्याच दिवसांत हॉलंडच्या बंदरावर कस्टमवाल्यांनी ट्रकवाल्यांची हॅम सँडविचं काढून घेतली, त्याची दृश्यं टीव्हीवर गाजली होती. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड, विरजणाची वाटी, सगळं घरीच ठेवायचं. सासूबाईंना हे काही पटेना. "अगं, घरचं कढवलेलं आहे, विकायला थोडंच नेतोय?" असं म्हणत त्यांनी बरणी दोनदा पिशवीत घातली आणि मी ती दोनदा बाहेर काढली. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र निर्धास्त न्यावी.

गाडीचीही तयारी लागते. मागे 'यूके' अशी अक्षरं असलेलं स्टिकर हवं. सप्टेंबर २०२१ पासून जुनं 'जीबी' चालत नाही. धोक्याचा लाल त्रिकोण हवा आणि चमकणारं जाकीट ड्रायव्हरच्या हाताशी हवं, डिकीत सामानाखाली असून उपयोग नाही. बिघाड झाला तर गाडीतून उतरण्याआधी ते अंगात घालायचं असतं. हेडलाइटवर लावायच्या चिकट पट्ट्या तर विसरूच नयेत. इंग्लंडच्या गाडीचा झोत डाव्या कडेकडे कललेला असतो, फ्रान्समध्ये तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दारू तपासायची नळी बाळगायचा फ्रेंच नियम २०२० मध्ये रद्द झाला. कुणी ती आग्रहानं विकायला आलं तर पैसे वाचवावेत.

रेडिंगहून एम४, मग लंडनभोवतीचा एम२५ आणि शेवटी केंट परगण्यातून समुद्राकडे जाणारा एम२०. बंदरावर खोळंबा झाला की याच एम२० वर ट्रकच्या रांगा उभ्या करतात आणि बाकीच्यांना उरलेल्या लेनमधून सोडतात. शाळांच्या सुट्ट्या लागतात त्या शनिवारी निघू नये, हे केंटमधलं शेंबडं पोरही सांगेल.

पुढे दोन वाटा. डोव्हरहून बोटीनं कॅले, साधारण दीड तास. किंवा फोकस्टनहून बोगद्यातली रेल्वे, ३५ मिनिटं. बोटीवर पाय मोकळे होतात, डोव्हरचे पांढरे कडे मागे सरताना दिसतात. पण पाच माणसं आणि एक गाडी असेल, तर मी बोगद्याच्या बाजूनं. तिथलं तिकीट गाडीचं असतं, डोक्यांचं नाही, आणि सासऱ्यांना बोट लागते. गॅसवर चालणारी गाडी मात्र बोगद्यात घेत नाहीत.

फोकस्टनला आरशाला अडकवायला एक अक्षर छापलेला कागद मिळतो. फलकावर आपलं अक्षर आलं, की निघायचं. त्याआधी पासपोर्ट दोन ठिकाणी दाखवावे लागतात, आधी ब्रिटिशांना, मग शंभरेक पावलांवर फ्रेंच पोलिसांना. फ्रान्सची तपासणी इंग्लंडच्या जमिनीवरच उरकते, त्यामुळे पलीकडे पुन्हा थांबावं लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात केली, म्हणून हाताशी थोडा जास्त वेळ ठेवावा.

मग गाडी थेट रेल्वेच्या डब्यात चालवत न्यायची. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा, काचा अर्ध्या खाली घ्यायच्या आणि आपल्याच गाडीत बसून राहायचं. ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि अध्यक्ष मितेराँ यांनी या बोगद्याचं उद्घाटन केलं. लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यातला ३८ किलोमीटरचा भाग समुद्राच्या तळाखालून जातो. दिसत काहीच नाही. सासूबाईंनी पुऱ्यांचा डबा उघडला, तो संपेपर्यंत फ्रान्स आलं. घड्याळ एक तास पुढे करायचं.

डब्यातून उतरून दोन वळणं घेतली की गाडी सरळ मोटरवेवर. सगळे भितात ती ही वेळ मला सोपी वाटते. तिथे सगळेच एका दिशेनं चाललेले असतात, आपण फक्त मागे लागायचं. वेग ताशी १३०, पाऊस असेल तर ११०. आणि आमच्या गाडीच्या काट्यावर किलोमीटर मैलांच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत. धोका पुढे असतो, पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परतताना किंवा सकाळी सुनसान गावातून निघताना. समोर एकही गाडी नसते आणि साताऱ्यात शिकलेला हात आपोआप डावीकडे वळतो. म्हणून मी प्रत्येक वेळी मोठ्यानं "उजवीकडे" म्हणते. नवरा वैतागतो, पण मी म्हणतेच.

कॅलेहून ए२६ घेतला की सेंत-ओमेरजवळ टोलचं तिकीट काढावं लागतं. यंत्र माझ्या खिडकीशी येतं. गाडी जरा लांब उभी राहिली तर पट्टा सोडून कमरेपर्यंत बाहेर वाकायचं, मागच्याचा हॉर्न ऐकायचा, तिकीट दातांत धरून काच वर करायची. पैसे बाहेर पडताना. केशरी 'टी' एवढंच दिसेल त्या रांगेत जाऊ नये, ती काचेवर टॅग लावलेल्यांची असते.

आम्ही बेत्यूनला बाहेर पडलो, कारण सासरे लष्करातून निवृत्त झालेले आणि त्यांना नव-शापेल पाहायचं होतं. मार्च १९१५ मध्ये तिथल्या लढाईत भारतीय पलटणी होत्या. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या, पण कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या गोल भिंतीवर कोरली आहेत. मधला खांब जवळपास १५ मीटर उंच, त्याच्या माथ्यावर कमळ आणि पायथ्याशी दोन बाजूंना वाघ. सासरे भिंतीवरची एकेक पलटण वाचत बराच वेळ फिरले. हे ठिकाण मुख्य रस्त्यापासून इतकं जवळ असून आपल्यातले फार थोडे तिथे वळतात, याचं मला नवल वाटतं.

तिकडे जाताना दुपदरी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आला. नवऱ्याला ट्रॅक्टरपलीकडचं काही दिसेना. मी मान काढून सांगत होते, "थांब... पांढरी व्हॅन आहे... सायकल... आता, आता घे." अशा रस्त्यांवर वेगमर्यादा २०१८ पासून ८० आहे, काही जिल्ह्यांनी पुन्हा ९० केली आहे, पाटी बघावी. गावात शिरल्यावर उजवीकडच्या बोळातून येणाऱ्याचा हक्क पहिला, वेगळी पाटी नसेल तर. तो बोळ ड्रायव्हरच्या बाजूचा. तेवढं एक मी त्याच्यावर सोडलं आहे.

आणि चीज तिथेच पोटभर खाऊन घ्यावं. एप्रिल २०२५ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटननंही युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी घातली. ही बातमी ऐकून सासूबाईंना फार बरं वाटलं.