लाईट गेल्यावर कळतो एडिटर

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. सी चा तीनशे ओळींचा प्रोग्राम टाईप करत बसले होते आणि हॉस्टेलची लाईट गेली. शेवटचं सेव्ह दोन तासांपूर्वीचं! लाईट आल्यावर बघते तर निम्मा प्रोग्राम गायब. तेव्हापासून लिनक्सवर एडिटर निवडताना मी रंगबिंग बघत नाही. एकच प्रश्न विचारते, लाईट गेली तर काय?

केडीईचा केट न सेव्ह केलेले बदल दर १५ सेकंदांनी वेगळ्या स्वॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो. फाईल परत उघडली की ते बदल परत घ्यायचे का, असं विचारतो. अट एकच, फाईल आधी नाव देऊन एकदा सेव्ह केलेली हवी. ग्नोमने २०२२ मध्ये जीएडिटच्या जागी नवा टेक्स्ट एडिटर आणला. तो तर नाव न दिलेला मजकूरसुद्धा ड्राफ्ट म्हणून जपतो. २००५ साली आलेला जीनी एकदम हलका, जुन्या पीसीवरही पळतो. एफ८ ने कंपाईल, एफ५ ने रन. पण ऑटोसेव्हसाठी त्यात 'सेव्ह ॲक्शन्स' हे प्लगइन आपण स्वतः चालू करावं लागतं. बरेच जण इथेच फसतात.

माझं ऐकू नका, स्वतः बघा. एक खोटी फाईल सेव्ह करा, त्यात चार ओळी वाढवा, मिनिटभर थांबा आणि टर्मिनलमधून 'किल -९' मारून एडिटर बंद पाडा. परत उघडल्यावर ओळी दिसल्या तर तो एडिटर तुमचा.

आणि हो, कंट्रोल-एस ची सवय मात्र सोडू नका!