पाऊस थांबला, तरी सिग्नल नाही?

नवी मुंबईत गच्चीवरची उपग्रह इंटरनेटची डिश जुलैत रुसली, की पहिला संशय समोरच्या नव्या टॉवरवर जातो. बहुतेकदा उगाचच. डिश ज्याच्याकडे रोखलेली असते, तो जीसॅट-11 उपग्रह 74 अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. इथून तो जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून 67 अंशांवर येतो. म्हणजे दहा मीटरवरची इमारत डिशपेक्षा साधारण 24 मीटर उंच असेल, तरच आड येणार.

खोडी असते पावसाची. डिश पकडते त्या केयू बँडच्या रेडिओ लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या आसपास. टपोरे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर ओसरली की सिग्नल आपोआप वर यायला हवा. नाही आला, तर मोडेमचा प्लग काढून डिशकडचा कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार हिरवट-काळी दिसली, तर पाणी शिरलंय. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. टोक कापून नवा कनेक्टर बसवा, वर जलरोधक टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास काही मिनिटं सिग्नल गेला, तर मात्र डिशला हात लावू नका. सूर्य तेव्हा नेमका उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो.