इथेनॉलमुळे फ्युएल प्रेशर पडतं का?

बारामती-इंदापूर पट्ट्यात टर्बो पेट्रोल गाडीचा पिकअप कमी झाला की हल्ली निदान तयारच असतं: ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, त्यामुळे फ्युएल प्रेशर पडतं, प्रेशर वाढवून घ्या.’ माळेगाव, सोमेश्वरसारख्या कारखान्यांच्या आसवन्या जिथे उभ्या आहेत, त्या ऊसपट्ट्यात हे ऐकताना जास्तच खटकतं. इंधनाचा दाब पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर मिळून ठरवतात. इथेनॉलमुळे बदलतं ते इंजिनाला लागणाऱ्या इंधनाचं प्रमाण. वजनाने मोजलं तर निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, निव्वळ इथेनॉलला 9, तर 20 टक्के मिश्रणाला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी निव्वळ पेट्रोलपेक्षा, लिटरच्या हिशेबाने, सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. इंजिनाचा संगणक ते देतो तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला कमी-जास्त कळवत असतो आणि दुरुस्ती सतत चालू राहते. या सगळ्यात दाबाला हात लावावा लागत नाही.

दाबाबद्दलचा मूळ घोटाळा मात्र इथेनॉलच्या आधीपासूनचा आहे. गेजवर ‘3 बार’ दिसले की प्रेशर चांगलं, असं ठरवून लोक मोकळे होतात. इंजेक्टरमधून किती इंधन पडेल हे त्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर ठरतं. एका बाजूला इंजेक्टरांना इंधन पुरवणारी रेल, दुसऱ्या बाजूला इंजिनाला हवा पुरवणारा मॅनिफोल्ड. साध्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये बहुतेक वेळ निर्वात असतो, टर्बोत तिथे हवेचा वाढीव दाब, म्हणजे बूस्ट, भरतो. रेलमध्ये 3 बार आणि समोरून 1 बार बूस्ट आला, तर इंजेक्टरला प्रत्यक्ष 2 बारच मिळतात. प्रवाह हा फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे इंधन सुमारे 18 टक्क्यांनी घटतं, आणि तेही नेमकं सर्वांत जास्त गरज असताना. म्हणून अनेक पोर्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी येते. अशा गाडीत आयडलला गेजवर 2.4 च्या आसपास आणि पूर्ण बूस्टला 4 दिसणं हेच निरोगीपणाचं लक्षण. तिथे काटा सदैव 3 वर स्थिर असेल, तर ती नळी निघाली आहे किंवा तडकली आहे असा संशय घ्यावा. उलट काही गाड्यांत रिटर्न लाइन नसते, दाब मुद्दाम एकसारखा ठेवलेला असतो आणि बूस्टचा हिशेब संगणक करतो. तिथे स्थिर काटा बरोबर. आपल्या गाडीची रचना कोणती, हे मॅन्युअलमध्ये न पाहता गेज वाचणं व्यर्थ आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो: नवं पेट्रोल आल्यापासून गाडी खरंच ओढत नाही, अ‍ॅव्हरेजही घटलं, ते काय भास आहेत? भास अजिबात नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं आहे की, निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं 20 टक्के मिश्रणावर अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकतं. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी सीलची काळजीही रास्त आहे. पण अ‍ॅव्हरेज घटणं वेगळं, ताकद घटणं वेगळं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि बाष्प होताना ते जास्त उष्णता शोषतं. टर्बो इंजिनात नॉकिंग टाळण्यासाठी हे दोन्ही फायद्याचे. तरी ओढ गेली असेल, तर बहुधा आधीच थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर ही सात-आठ टक्क्यांची वाढीव मागणी पुरवताना उघडा पडला आहे. दोष इथेनॉलने निर्माण केला नाही, दाखवून दिला.

तो ओळखायचा तर तपासणी भाराखाली हवी. गॅरेजच्या दारात आयडलला पंपाकडून फारच थोडं मागितलं जातं, त्यामुळे मरायला टेकलेला पंपही तिथे पास होतो. पुण्याहून सासवडमार्गे येताना दिवे घाटाच्या चढाला, गाडी भरलेली असताना बूस्ट आणि इंधनदाब एकत्र नोंदवावेत. आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नव्हे. डायरेक्ट इंजेक्शन गाडीत ओबीडी रीडरवर रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब बहुधा शेजारी-शेजारी दिसतो. भार वाढताना मिळालेला दाब मागे पडत गेला, तर टाकीतल्या पंपापासून शोध सुरू करावा. पोर्ट इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत दाबाचा सेन्सरच नसतो. तिथे गेज मेकॅनिकनेच जोडावा, आणि पेट्रोलची जिवंत नळी केबिनमध्ये कधीही आणू नये.

‘वाढवून घ्या’ या उपायाबद्दल मात्र संयम राखणं कठीण जातं. दाब 10 टक्के वाढवला, तर प्रवाह वाढतो जेमतेम 5 टक्के. ऑक्सिजन सेन्सर ते जादा इंधन ओळखतो आणि संगणक इंजेक्टरची वेळ कापतो, म्हणजे खर्च करून पुन्हा जागच्या जागी. पंप मात्र जास्त दाबाविरुद्ध ढकलताना जास्त करंट खातो, जास्त तापतो आणि कमी इंधन देतो. थकलेल्या पंपावर तर हा उपाय उलटतोच. रेल सेन्सरचा सिग्नल फसवून दाब वाढवणारे डबे डिझेल गाड्यांना सर्रास बसवले जातात. संगणकाला कमी आकडा दाखवून पंपाकडून जास्त काम करून घेणं, एवढंच त्यांचं तंत्र. किंमत पंप आणि इंजेक्टर मोजतात.

बाकीचे समज थोडक्यात. महागडं पेट्रोल भरल्याने दाब वाढत नाही. गाडी बंद केल्यावर दाब लवकर उतरणं हे सहसा चेक व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतीचं लक्षण. त्याने स्टार्टला वेळ लागतो, घाटातली ओढ जात नाही. टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवून बचत होत नाही, कारण टाकीतला पंप इंधनानेच थंड राहतो. आणि डिझेलच्या कॉमन रेलची नळी सैल करून ‘प्रेशर येतंय का’ हे बोटाने पाहणं थांबलंच पाहिजे: तिथे 1,600 बारहून जास्त दाब असू शकतो आणि ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं.