सावजी भोजनालय: विणकरांच्या घरातली पंगत

सावजी भोजनालय ही पूर्व विदर्भातली मोहल्ल्याची खानावळ. नागपूरच्या गोळीबार चौक, इतवारी, हंसापुरी या हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्यांत ती वाढली. पुढे नागपूर-रायपूर महामार्गावर, भंडाऱ्याच्या वाटेवरच्या ढाब्यांवरही ‘सावजी’च्या पाट्या लागल्या. याच पट्ट्यात ठाणा पेट्रोलपंपाजवळ जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नोकरीला आलेल्या इथल्या कुटुंबांना वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या चवीची पहिली ओळख बहुधा अशाच ढाब्यांवर होते.

या खानावळीचं मूळ हातमागाच्या पडत्या काळात आहे. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, नंतर यंत्रमाग आले आणि हातमागाची मिळकत आटत गेली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी आणि आंधळगावच्या विणकरांनाही ही झळ लागली. माग थंडावला तेव्हा अनेक घरांनी चुलीचा आधार घेतला. पुढच्या खोलीत चार बाकं टाकायची आणि रोजचं जेवण विकायचं. जुन्या भोजनालयांत आजही कुटुंबातल्या बाया मसाला वाटतात आणि पुरुष वाढतात. या पदार्थांना मिळणारं श्रेय खरं तर त्या वाटणाऱ्या हातांचं आहे.

जगात इतरत्रही मोहल्ल्याच्या खानावळी अशाच जन्मल्या. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात यादवी युद्ध झालं. लाखो लोक अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिससारख्या शहरांत त्यांनी मेक्सिकन शेजाऱ्यांच्या टाको-तामालेबरोबर पुपुसाही विकायला सुरुवात केली. पुपुसा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची जाड भाकरी. आत चीज, घेवडा किंवा डुकराचं मांस भरून ती तव्यावर भाजतात आणि कोबीच्या आंबवलेल्या कोशिंबिरीबरोबर हातानेच खातात. सावजीच्या पानाशी त्या भागाचं मिरचीमुळे एक जुनं नातंही आहे. मिरची मूळची मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली. त्याआधी इथला तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता. आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे.

सावजी रश्शाला मात्र नुसत्या मिरचीवर तोलू नये. त्याचा कस मसाल्यात असतो. धने, शहाजिरे, दगडफूल, लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, तेजपान, खसखस आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजतात, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी असते. मग पाट्यावर अगदी बारीक वाटतात. पूर्वी जवसाचं तेल वापरत. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की रंग काळपट होतो आणि वर लाल तर्री येते. वाटण कच्चं राहिलं तर घसा जळतो. नीट परतलेलं तिखट असलं तरी पोटाला सोसवतं.

जेवायला बसल्यावर पानात कांदा, लिंबू, चपाती किंवा भाकरी येते. मटण, चिकन, खूर, सुंदरी म्हणजे बोकडाचं आतडं, कलेजी असे प्रकार असतात. गरिबाच्या घरात बोकडाचा कुठलाही भाग वाया जात नसे, त्याचा हा वारसा. शाकाहाऱ्यांसाठी डाळकांदा आणि पाटोडी रस्सा असतो. पाटोडीसाठी बेसन तिखट-मीठ घालून घट्ट शिजवतात, ताटात थापतात, वड्या पाडतात आणि वाढताना त्यावर उकळता रस्सा ओततात. वड्या आधीपासून रश्शात ठेवल्या तर विरघळतात, म्हणून जाणता वाढपी त्या वेगळ्या ठेवतो.

नवख्याने ‘तर्री कमी’ असं आधीच सांगावं. रस्सा पुन्हा मागितला तरी मिळतो. शेवटी भात घ्यावा. भंडारा हा धानाचा जिल्हा, त्यामुळे इथे रश्शाची खरी जोडी भाताशीच जमते.