अश्मयुगाच्या नावाने मांडलेले ताट

पॅलिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आहारपद्धतीचा बोलबाला आता पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळांतून आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांतूनही ऐकू येऊ लागला असून, गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सारी धान्ये, यच्चयावत डाळी व कडधान्ये, दूधदुभते, साखर आणि कारखान्यात सिद्ध झालेली बियांची तेले यांना ताटात येण्यास मज्जाव करावा, आणि मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळे व सुकामेवा यांना तेवढी मुभा द्यावी, हा तिचा थोडक्यात जाबता होय. या जाबत्याच्या समर्थनार्थ जी कैफियत मांडली जाते ती अशी की, मनुष्यप्राणी लक्षावधी वर्षे शिकारीवर व रानमेव्यावर जगला, शेती ही अवघ्या दहा-बारा हजार वर्षांची, सबब धान्य पचविण्यासाठी आपले शरीर घडलेलेच नाही. कैफियत ऐकण्यास मोठी डौलदार आहे. परंतु तिची कलमे एकेक करून तपासू लागले म्हणजे काही टिकतात, काही लंगडतात, आणि जी सर्वांत मोठ्या आवाजात सांगितली जातात तीच नेमकी सर्वांत कच्ची निघतात.

ही पद्धती पुरातन आहे, ही समजूत इतकी सर्रास आढळते की तिच्या जन्माचा दाखला मागण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वॉल्टर व्हॉएग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने 1975 मध्ये ‘द स्टोन एज डाएट’ हे पुस्तक काढले. 1985 मध्ये बॉइड ईटन हे क्ष-किरणतज्ज्ञ आणि मेल्विन कॉनर हे मानवशास्त्रज्ञ यांनी पुराश्मयुगीन पोषणावरील आपला निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आणि कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील लोरेन कॉर्डेन यांच्या 2002 सालच्या पुस्तकाने या विचाराला बाजारात चालणारे नाव व घरोघर पाळता येण्याजोगी नियमावली मिळवून दिली. म्हणजे ज्या पद्धतीला लाखो वर्षांची परंपरा चिकटविली जाते, तिचे वय आपल्यापैकी कित्येकांच्या वयापेक्षाही कमी आहे.

याहून महत्त्वाचा गैरसमज असा की, शेतीपूर्व मानवाने धान्याला स्पर्शही केला नव्हता. या बाबतीत पुरावा बोलतो तो फार स्पष्ट बोलतो. इस्राएलमधील गालील सरोवराची पातळी 1989 मध्ये खाली गेली तेव्हा ‘ओहालो द्वितीय’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीची एक वसाहत उघडी पडली. तेथील गवताच्या व फांद्यांच्या झोपड्या जळून पाण्याखाली गेल्यामुळे त्यांतील दाणागोटा आश्चर्यकारक रीतीने टिकून राहिला होता, आणि त्यात 140 हून अधिक जातींच्या वनस्पतींचे अवशेष, त्यांत रानगहू व रानजव हेही, आढळले. एका झोपडीत जमिनीत बसविलेला एक दगड होता. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता रानजवाच्या पिष्टाचे कण चिकटलेले सापडले, म्हणजे नांगराच्या जन्मापूर्वी कित्येक सहस्र वर्षे जात्याचा हा आद्य पूर्वज कामास लागला होता. जॉर्डनच्या ईशान्य भागात शुबैका येथे सुमारे 14,400 वर्षांपूर्वीच्या चुलाणात भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले व ते 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ही भाकर भाजणारी माणसे शिकार करणारी व रानात वेचून खाणारीच होती. इतकेच काय, इराकमधील शानिदर गुहेत सापडलेल्या निअँडरथल मानवाच्या दातांवरील किटणात जवाच्या कुळातील गवतांचे पिष्टकण, आणि त्यांतही काही शिजविल्याच्या खुणा असलेले, 2011 मध्ये नोंदविण्यात आले. आपल्या इकडे गोदावरीच्या काठी नाशिकजवळ डॉ. हसमुख सांकलियांना जी पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली ती सारी दगडाची, आणि यातच या गैरसमजाचे मूळ आहे: दगड टिकतो, हाड कधी टिकते, परंतु कंद, पाला आणि दाणा कुजून जातो, आणि मग मागे राहिलेल्या हत्याराकडे पाहून आपण त्या माणसाच्या हातात निरंतर मांसच पाहू लागतो.

अर्थात तो माणूस रोज धान्यच खात होता असे यातून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणणारा तितकाच उतावळा ठरेल. अश्मयुगाचा एकच एक आहार असा कधी नव्हताच. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइटांचे जीवन सील व मासे यांच्या मांसमेदावर, तर टांझानियातील हाद्झांचे कंद, बोरांसारखी फळे, शिकार आणि मध यांवर चालत आले. दोघेही शेतीवाचून जगले, आणि दोघांच्या ताटांत जवळजवळ काहीच समान नाही.

शरीर तेव्हापासून बदललेलेच नाही, हे कलमही असेच अर्धे खरे. दूध प्रौढपणीही पचविण्याची क्षमता काही मानवसमूहांत गेल्या दहा सहस्र वर्षांतच पसरली. लाळेतील पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती निरनिराळ्या माणसांत कमीअधिक असतात, आणि ज्या समाजांच्या आहारात पिष्टाचा भरणा मोठा त्यांच्यात त्या सरासरीने अधिक आढळतात, हे 2007 मध्ये दाखविले गेले. उलट पॅलिओच्या विरोधकांचीही एक लाडकी चूक येथे नोंदविणे न्यायाचे होईल. ‘ती माणसे तिशीतच मरत, त्यांचे काय अनुकरण करावयाचे,’ असा शेरा ते मारतात. परंतु ते आयुर्मान बालमृत्यूंच्या प्रचंड संख्येने खाली ओढलेले असते, आणि ज्यांच्या नोंदी घेता आल्या त्या शिकारी समाजांत बालपण ओलांडून प्रौढ झालेली माणसे बहुधा सत्तरीच्या आसपास मृत्यू पावतात असे दिसून आले आहे.

आजच्या पॅलिओ ताटातील पदार्थ तरी प्राचीन आहेत काय? कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली ही तिन्ही एकाच रानटी मोहरीवर्गीय रोपट्यापासून शेतकऱ्यांनी निवडीने घडविलेली रूपे आहेत. रानबदाम कडू असतो व त्यातून विषारी सायनाइड निर्माण होते, गोड बदाम ही मानवी निवडीची कमाई आहे. टोमॅटो, बटाटा आणि हिरवी मिरची तर पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी या भूमीने पाहिलीही नव्हती. नारळाचे तेल बाटलीत भरून मिळणे हेही पुराश्मयुगाचे लक्षण नव्हे. थोडक्यात, हे ताट विसाव्या शतकाचे आहे, आणि त्याचा जमाखर्च विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या मापानेच मांडला पाहिजे.

तो मांडण्यासाठी आता स्वयंपाकघरात यावे, कारण खरा घोळ तेथेच आहे. आपल्याकडे धान्य सोडणे म्हटले की पहिल्याने उपवासाचे ताट डोळ्यांपुढे येते, आणि एकादशीचा फराळ म्हणजेच पॅलिओ अशी सोयीची समजूत करून घेतली जाते. ही तपासणी मोठी मनोरंजक आहे. वरीचे तांदूळ हे उपवासाला चालत असले तरी वरी हे गवताच्या कुळातील तृणधान्यच होय. शेंगदाणा हे शेंगवर्गातले, म्हणजे कडधान्यांचे भावंड. राजगिरा गवताच्या कुळातला नसला तरी धान्यासारखा दळून खाल्ला जात असल्यामुळे काटेकोर पाळणारे तोही वर्ज्य मानतात. दही-ताक तर बोलूनचालून दूधदुभते. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातून निघतो म्हणून पुष्कळजण त्याला सवलत देतात, परंतु तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि साबुदाण्याच्या खिचडीतून दाण्याचे कूट काढून घेतले की उरते ते फारसे खाण्याजोगे नसते. मात्र सुरण, रताळे, शिंगाडा, केळी, खजूर, नारळ ही मंडळी बेलाशक दोन्ही पंक्तींना बसतात.

एकादशीपेक्षा ऋषिपंचमी या आहाराला अधिक जवळची आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही या दंडकामुळे त्या दिवशी जी मिसळीची भाजी होते, तीत अळूची पाने व देठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, दोडका, माठ असे परसातले सारे एकत्र येते; मक्याचे कणीस व शेंगदाणे तेवढे वगळले की तीच भाजी पॅलिओच्या नियमांत तंतोतंत बसते. ती करतानाची खुबी अशी की, सुरण व अळू यांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व तेच घशाला खाजवितात, म्हणून या दोहोंना आधी चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या पाण्यात शिजू द्यावे, मऊ भाज्या मागाहून घालाव्या, आणि मिरची, मीठ व भरपूर ओले खोबरे यांपलीकडे मसाल्याच्या भानगडीत पडू नये. कोकणी स्वयंपाकाला तर ही पद्धती फारशी जड जात नाही: नारळाच्या रसातले बांगड्याचे हुमण भाताऐवजी शिजवलेल्या कोनफळाच्या फोडींशी खावे, आणि तळावयाच्या मासळीला रव्याचे किंवा तांदळाच्या पिठीचे आवरण न देता नुसते तिखट, मीठ व आगळ लावून ती तव्यावर परतावी. अडचण येते ती देशावर, कारण तेथे दाण्याच्या कुटावाचून भाजी मिळून येत नाही व भाकरीवाचून जेवण होत नाही. कुटाची जागा भाजलेले सुके खोबरे व तीळ घेऊ शकतात, आणि चव वाईट लागत नाही. भाकरीची जागा घेणारे काही नाही.

बदामाच्या पिठाची भाकरी करण्याची टूम अनेकांनी उचलली आहे, आणि ती का फसते हे जाणून घेण्यासारखे आहे. ज्वारीच्या पिठातही गव्हाचा चिकटपणा नसतो, परंतु कढत पाण्याने त्यातील पिष्ट फुगून पिठाला बांधून धरते, म्हणून परातीत मळून ती हातावर थापता येते. बदामात पिष्ट नाममात्र, तेल मात्र निम्म्याच्या आसपास, त्यामुळे अंड्याचा आधार दिल्याखेरीज ती भाकरी तव्यावर उलटताच दुभंगते. शिवाय 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे 170 कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच बदामांतून सुमारे 300. वजन उतरविण्याच्या हेतूने ही अदलाबदल करणाराने हा हिशेब आधी पाहिलेला बरा. फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’ करण्याची तऱ्हा त्या मानाने पुष्कळ सरळ आहे; फ्लॉवरमध्ये नऊदशांशाहून अधिक पाणीच असल्याने तो पसरट कढईत मोठ्या आंचेवर, झाकण न ठेवता परतावा व मीठ शेवटी घालावे, एरवी त्याचा गिळगिळीत लगदा होतो. आणि एक गोष्ट धान्य कटाक्षाने टाळणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या नजरेतून निसटते: डबीतला हिंग. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, आणि ज्याने पोळीचा त्याग केला त्याच्या फोडणीत गहू रोज चिमटी-चिमटीने शिरत राहतो.

पॅलिओ म्हणजे मांसाहार आणि पिष्टाला बंदी, हीही एक पसरलेली समजूत. रताळ्यास, सुरणास, केळ्यास या पद्धतीत मज्जाव नाही. ज्यात पिष्ट जवळजवळ वर्ज्य असते ती पद्धती निराळी, आणि दोहोंची सरमिसळ करून मग ‘पॅलिओने चक्कर येते’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मध मात्र चालतो म्हणून तो साखरेला निर्दोष पर्याय आहे असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मधाचा सुमारे चारपंचमांश भाग साखरेचाच असतो. आपल्याकडील शाकाहारी माणसाची मात्र या पद्धतीत खरोखरच कोंडी होते, कारण डाळी, कडधान्ये आणि दूध ही त्याची प्रथिनांची तिन्ही मुख्य दारे एकदमच बंद होतात. ती बंद करण्यासाठी जी कारणे दिली जातात तीही अपुरी आहेत: राजम्यातील घातक लेक्टिन दाणे भिजवून नीट उकळल्याने नष्ट होते, आणि ज्या फायटेटच्या नावाने डाळींना दोषी ठरविले जाते ते बदाम-अक्रोडांतही मुबलक असते. ज्या घरात मटकीला मोड आणून उसळ करण्याची रीत आहे त्या घराने हा प्रश्न फार पूर्वीच आपल्या परीने सोडविला आहे.

या आहाराने वजन उतरते हे खोटे नाही. स्वीडनमधील उमियो येथे ऋतुनिवृत्तीनंतरच्या 70 स्थूल स्त्रियांवर दोन वर्षे चाललेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत पॅलिओ पाळणाऱ्यांची चरबी तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटली, दोन वर्षांच्या अखेरीस मात्र दोन्ही गटांतील हा फरक लक्षणीय राहिला नाही. माझ्या मते जो लाभ होतो त्याचा मोठा वाटा बिस्किटे, फरसाण, शीतपेये व बेकरीचे जिन्नस घरातून हद्दपार होण्याचा आहे, नाचणी हद्दपार होण्याचा खचित नव्हे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गायीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध व नाचणी दोन्ही सोडणाऱ्याने तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी यांची तजवीज आधी करावी.

शेवटी ज्या भीतीपोटी पुष्कळजण या वाटेला लागतात त्या ग्लूटेनविषयी. ग्लूटेन गहू, जव व राय यांत असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ते नसतेच, त्यामुळे ग्लूटेनच्या भयाने भाकरी सोडणे निराधार आहे. ज्यास गव्हाने खरोखरच त्रास होतो असा संशय असेल, त्याने सीलिअॅक रोगाची रक्ततपासणी गहू खात असतानाच करून घ्यावी, कारण तो सोडून काही महिने लोटल्यावर ती तपासणी रोग असूनही नकारार्थी येऊ शकते. आणि जो मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेत असेल, त्याने औषधाची मात्रा बदलून घेण्यापूर्वी ताटातील भात-भाकरी एकाएकी बंद करू नये.