संगणकाच्या वर्गातील अखेरचा प्रकल्प

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, रचण्याचे उपक्रम सुचविलेले आहेत. असे उपक्रम घेणाऱ्या शिक्षकांपुढे वर्षाच्या अखेरीस एक प्रश्न हमखास उभा राहतो. तोवर मुलांनी नेमून दिलेली उदाहरणे सोडविलेली असतात. आता त्यांस काहीतरी स्वतःचे करावयास द्यावयाचे असते. “आवडेल ते करा” एवढेच सांगितले, तर काही मुले मोठा खेळ योजतात व तो अर्धवट राहतो. काही मुले तयार आज्ञावली कोठून तरी उतरवून आणतात. ती दिसावयास इतकी सुबक असते की, स्वतः धडपडलेल्या मुलाचे काम तिच्यापुढे फिके पडते आणि गुण त्यासच कमी मिळतात. हा अन्याय टाळणे शिक्षकांच्या हाती आहे.

विषय मोकळा असावा, पण तो मुलाच्या नित्य पाहण्यातला असावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडला नेले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने सिद्ध केली. संगणक आला म्हणून ही दृष्टी जुनी होत नाही.

सफाळ्याचेच उदाहरण घेऊ. येथील मुलाच्या दिवसाशी रेल्वेगाडीची वेळ बांधलेली असते. “आता किती वाजले ते सांगा, पुढची गाडी किती मिनिटांनी येईल ते मी सांगतो,” असे म्हणणारी आज्ञावली एखाद्या मुलीने योजिली, असे समजू. घड्याळात ५.४० झाले आहेत, गाडी ६.०५ ची आहे. मुलगी सरळ ६०५ मधून ५४० वजा करते आणि संगणक उत्तर देतो : ६५ मिनिटे. खरे उत्तर २५ आहे, हे फलाटावर उभा असलेला कोणीही सांगेल. येथे शिक्षकांनी चूक दाखवून देण्याची घाई करू नये. तास साठ मिनिटांचा आहे, शंभराचा नव्हे, हे तिचे तिलाच उमगते. मग ती तासांस साठाने गुणून मिनिटे मिळविते. ३६५ वजा ३४०, म्हणजे २५.

एवढ्याने काम संपत नाही. रात्री ११.५० ला, म्हणजे १४३० व्या मिनिटाला, शेवटची गाडी निघून गेलेली आहे. पुढची पहाटे ४.३० ला, म्हणजे २७० व्या मिनिटाला आहे. वजाबाकी केल्यास उणे ११६० येतात! उत्तर उणे आले, तर दिवसाची १४४० मिनिटे मिळवावी, अशी अट घालावी लागते. मग २८० मिनिटे, म्हणजे ४ तास ४० मिनिटे, हे उत्तर मिळते. अटीचे प्रयोजन मुलीला कोणत्याही व्याख्येपेक्षा येथे अधिक स्पष्ट होते.

साधनांची अडचण फार मानू नये. १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार झाली. पुढे तिच्यात मुले कासवास आज्ञा देऊन चित्रे काढू लागली. त्याच परंपरेतील ‘स्क्रॅच’ २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आज्ञांचे ठोकळे जोडावयाचे असतात, व एकदा संगणकावर घेतल्यावर ती इंटरनेटवाचूनही चालते. एकाच संगणकावर पाच मुले असतील, तर आज्ञावली आधी वहीत लिहून आणावयास सांगावे. वहीतील खाडाखोड तर पुढे गुण देताना फार उपयोगी पडते.

प्रकल्पाचा अगदी लहान भाग आधी चालवून दाखविण्याची अट मात्र सर्वांस सारखी असावी. एकच गाडी, एकच वेळ, एवढे चालले की मग बाकीचे.

तपासणीच्या वेळी सुबकपणा पाहू नये. मुलाशेजारी बसून एक लहानसा बदल सुचवावा : “गाडी दहा मिनिटे उशिरा आहे, आता काय करशील?” ज्याने आज्ञावली स्वतः रचली, तो क्षणभर थांबून योग्य ओळीवर बोट ठेवतो. उतरवून आणलेल्यास ती ओळ सापडत नाही. त्यास रागे न भरता तोच बदल करावयास आठवड्याची मुदत द्यावी. पुष्कळदा त्या आठवड्यातच त्याचा स्वतःचा प्रकल्प सुरू होतो.

यंदाच्या वह्या जपून ठेवाव्या. पुढील वर्षीच्या मुलांस त्यांतील एखादी अपुरी आज्ञावली पुरी करावयास देता येते.