पडणे आणि त्यानंतर

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने पडणे ही वाढीचीच एक पायरी असते. नुकते चालू लागलेले मूल दिवसातून कितीदा तरी पडते. त्याची उंची कमी, वजन हलके आणि हाडे ओल्या फांदीसारखी लवचिक. म्हणून तर त्या वयातल्या अर्धवट अस्थिभंगाला आपण ‘ग्रीनस्टिक’ म्हणतो. साठी ओलांडलेल्या माणसाचे पडणे हा सर्वस्वी निराळा विषय आहे आणि तो मला आमच्याच घरात शिकावा लागला.

२०२२ चा ऑगस्ट महिना. इंदूरला पावसाची झड लागलेली. माझे यजमान, वय ६३, पहाटे लघवीसाठी उठले आणि न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. मी पोहोचले तेव्हा ते ओल्या फरशीवर पडलेले होते. “अगं, काही झालेलं नाही. उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नुसता हात दे.” उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले होते. खुब्याचे हाड मोडल्याचे सांगायला क्ष-किरणांची गरज नव्हती. “हलू नका. मी हात देणार नाही,” मी म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात त्यांना असे उत्तर प्रथमच मिळाले असावे.

डोके आपटले नव्हते, शुद्ध हरपली नव्हती, रक्त पातळ करणारे औषध चालू नव्हते. नाडी पाहिली, ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, अंगावर रजई घातली. शेजारच्या वहिनी मायेने चहा घेऊन आल्या, तो परत पाठवला. शस्त्रक्रिया होणार हे उघड होते. खुर्चीत बसवून जिना उतरवण्याची सूचनाही नाकारली. स्ट्रेचर येईपर्यंतची चाळीस मिनिटे मी फरशीवर त्यांचा हात धरून बसले होते, आणि ते मला सांगत होते, “दवाखान्यात फोन कर, पेशंट खोळंबतील.”

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन हाडात नेल बसला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ते उभे राहिले. अंथरुणावर पडून राहण्यातच न्यूमोनिया, रक्ताची गुठळी, शय्याव्रण हे खरे शत्रू दडलेले असतात, तेव्हा ही घाई योग्यच.

कठीण दिवस आले ते घरी परतल्यावर. रात्री मला उठवावे लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद केले. ओठ कोरडे, लघवी गडद. मुलाच्या आईला मी जी लक्षणे समजावते, ती समोर दिसत होती. संकोच पाण्याचा नव्हता, बायकोने पॉट धरण्याचा होता. रात्रीपुरता एक मदतनीस ठेवला आणि दोन दिवसांत पाणी सुरू झाले. परक्यापुढे जो संकोच वाटत नाही तो पत्नीपुढे वाटतो, हे मला नवलाचे वाटले, वाईटही वाटले.

रुग्णालयाच्या कागदावर कारण लिहिले होते, ‘घसरून पडल्यामुळे’. ‘अंधारी आली’ हे शब्द कुठेच नव्हते. ताप आलेल्या मुलाला नुसते पॅरासिटामॉल देऊन आपण थांबत नाही. मग पडलेल्या माणसाचे हाड जोडले की फाईल का मिटावी? मी आडवे असताना रक्तदाब मोजला, वरचा आकडा १३६. उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत १०८. वीसची घसरणही विचारात घ्यावी लागते, येथे ती अठ्ठावीसची होती. प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन, सकाळी रक्तदाबाची गोळी. फिजिशियन आणि युरॉलॉजिस्ट मित्रांनी मिळून औषधे बदलली. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो तेव्हा हाडही तपासायला हवे. डेक्सा केला; अस्थिसुषिरता निघाली. हा बायकांचा आजार असे पुरुष मानतात, आणि डॉक्टरही फारसे निराळे नसतात.

हाड जुळले तरी भीती राहिली. ते भिंतीला धरून चालत, फोन आला तरी खुर्चीतून उठत नसत. घरातले आणि येणारे-जाणारे सगळेच “जपून” म्हणत, त्याने भीतीला खतपाणीच मिळे. सर्जनची संमती घेऊन फिजिओथेरपिस्टने एक दिवस सतरंजी अंथरली आणि त्यांना जमिनीवरून उठायला शिकवले: कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, समोरच्या खुर्चीवर हात टेका, चांगला पाय पुढे घ्या. पहिल्या दिवशी ते रागावले. आठवडाभराने माझी दोन्ही मुले मोबाईलवर पाहत असताना ते एकटे उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता फाटकापर्यंत जाऊन आले.

न्हाणीघरात आता आधाराचा दांडा आहे, खरखरीत फरशी आहे, रात्रभर दिवा असतो. दाराची आतली कडी मात्र काढून टाकली आहे, आणि ते त्यांना अद्याप मान्य झालेले नाही. आत गेले की ते मोठ्याने गुणगुणत राहतात. कोणी दार ढकलू नये म्हणून. गुणगुणणे ऐकू येत असले की मी निर्धास्तपणे चहाचे आधण ठेवते.